पलटणीबाहेरची पलटण : 'ब्रह्मचारी' आणि आरंभीच्या बोलपटातला शिस्तीचा विनोद

बोलपट सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दशकात हॉलिवूडमध्ये विनोदी चित्रपटांचा एक साचा झपाट्याने रुळला. दोन मित्र चुकून किंवा नाइलाजाने लष्करात भरती होतात. एकाच्या अंगावर गणवेश ढगळ, दुसऱ्याच्या अंगावर तो गुंड्या तुटेस्तोवर घट्ट. वर सतत खेकसणारा एक सार्जंट. दिलेला हुकूम दोघे शब्दशः पाळतात आणि त्यातूनच घोटाळा होतो. शेवटी कसलीही लायकी नसताना एखादा पराक्रम त्यांच्या हातून घडून जातो. व्हीलर आणि वूल्सी या जोडीचा 'हाफ शॉट ॲट सनराइज' १९३० साली आला, लॉरेल आणि हार्डी यांचा 'पॅक अप युवर ट्रबल्स' १९३२ साली आणि त्याच दोघांचा 'बॉनी स्कॉटलंड' १९३५ साली. १९४१ मध्ये ॲबट आणि कॉस्टेलो यांनी 'बक प्रायव्हेट्स'मध्ये हाच साचा अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याच्या तोंडावर पुन्हा वापरला.

हा साचा बोलपटाच्याच आरंभी फोफावला याचे कारण तंत्रात आहे. चॅप्लिनने १९१८ सालीच 'शोल्डर आर्म्स'मध्ये खंदकातला शिपाई रंगवला होता, पण मूकपटात हुकूम पाटीवर वाचावा लागे. हुकूम ही मुळात ऐकण्याची गोष्ट. ती ऐकू येऊ लागल्यावर हुकूम आणि कृती यांच्यामधले अंतर प्रेक्षकाला एका श्वासात कळू लागले. 'पॅक अप युवर ट्रबल्स'मध्ये कचऱ्याच्या डब्यांचे काय करायचे, असे हे दोघे विचारतात. वैतागलेला आचारी उपरोधाने जनरलचे नाव घेतो आणि दोघे खरोखरच जनरलच्या खासगी भोजनगृहात कचरा नेऊन ओततात. उपरोध कानाला कळावा लागतो. पाटीवर तो निम्मा मरतो.

'बॉनी स्कॉटलंड'ची गोष्ट भारतात घडते, म्हणजे हॉलिवूडने उभारलेल्या पुठ्ठ्याच्या भारतात. त्यातली वायव्य सरहद्द, पठाण आणि राजवाडे आज कुणी गंभीरपणे घेणार नाही. इथल्या प्रेक्षकाने तर ते १९३५ सालीही घेतले नसावेत. पण कवायतीत एकट्या लॉरेलचे पाऊल चुकते आणि हळूहळू सगळी पलटण आपले बरोबर पाऊल बदलून त्याच्या चुकीच्या पावलाशी जुळवून घेते, तो प्रसंग अजूनही जसाच्या तसा हसवतो. अंगण झाडायला लावलेले दोघे बँडच्या तालावर नाचू लागतात आणि जेम्स फिन्लेसनचा सार्जंट रागाने वेडापिसा होतो, तेही तसेच. या चित्रपटांतले कथानक विटले आहे, प्रेमप्रकरणे तर पहिल्या दिवशीच शिळी होती. अंग, ताल आणि हुकूम यांची झटापट मात्र टिकली.

मराठी बोलपटाचा आरंभ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झालेल्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने झाला. पुढच्या दहा वर्षांत मराठीत पौराणिक, संतपट, ऐतिहासिक, सामाजिक आणि विनोदी असे सगळे प्रकार आले, पण दोन मित्रांची लष्करी धमाल काही आली नाही. ही अनुपस्थिती योगायोगाची नाही.

पहिली अडचण सैन्य कोणाचे, ही होती. १९३०च्या दशकातले सैन्य ब्रिटिश सरकारचे. त्याची थट्टा करायची तर सेन्सॉर आडवा येई. मुंबईचे सेन्सॉर मंडळ १९२० पासून काम करत होते आणि इंग्लंडच्या नमुन्यावर बेतलेल्या त्याच्या दंडकांत राजाच्या गणवेशातील शिपायाची हेटाळणी हा आक्षेपार्ह विषय होता. त्या सैन्याचे कौतुक करावे तर स्वातंत्र्याच्या चळवळीत गुंतलेला प्रेक्षक तोंड फिरवणार. मराठी पडद्यावर तलवार दिसे ती शिवकाळातली : शांतारामांचा 'सिंहगड' १९३३ चा, भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' १९३९ चा. तिथे विनोदाला जागा असली तरी ती एखाद्या पहारेकऱ्यापुरती. स्वतःचे राज्य नसलेल्या समाजाला जुन्या राज्याच्या सैनिकाची टिंगल परवडत नसते.

दुसरी अडचण अधिक खोल होती, आणि ती समजून घ्यायला त्या वेळचा कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, उपयोगी पडतो. किनाऱ्यावर अलिबागचा कुलाबा किल्ला, खांदेरी-उंदेरी, कोर्लई आणि मुरुडचा जंजिरा. आत डोंगरात रायगड. आंग्र्यांचे आरमार आणि सिद्दीची सत्ता यांच्या आठवणी इथे घराघरांत होत्या, आणि सिद्दी नवाबाचे संस्थान तर १९४८ पर्यंत प्रत्यक्षच चालू होते. त्याच जिल्ह्यातून ब्रिटिश फौजेतही माणसे जात. महाड तालुक्यातल्या एका आंबवड्याला तर घरोघरच्या शिपायांमुळे 'फौजी आंबवडे' हेच नाव पडले. पलटण म्हणजे पगार, निवृत्तिवेतन आणि गावात ताठ मानेने चालण्याचा हक्क. महार समाजासाठी तर गणवेश हा लढून मिळवायचा अधिकार होता : भरती बंद झाली, पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर ती मोडली गेली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. सुभेदार रामजींच्या मुलाने, डॉ. आंबेडकरांनी, १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला तेव्हा त्यात निवृत्त शिपायांच्या घरातली माणसे होती. अशा प्रदेशात ढगळ गणवेशातला बावळट शिपाई पाहून हसू येण्याआधी, हा गणवेश मिळायला किती खटाटोप पडला, हे आठवत असे. अमेरिकन प्रेक्षकाला लष्कर ही सक्तीची भरती म्हणून आठवत होती. इथल्या अनेकांना ती नाकारलेली भरती म्हणून ठाऊक होती.

म्हणून मराठीत शिस्तीवरचा विनोद पलटणीबाहेर गेला. तो आखाड्यात, आश्रमात, स्वयंसेवकांच्या रांगेत आणि ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेत शिरला. तो काळच तसा होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तरुणांना घडवत होते, ना. सु. हर्डीकरांचे हिंदुस्थानी सेवादल १९२३ पासून, नागपूरचा राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५ पासून. धर्मवीर मुंजे यांची भोसला सैनिकी शाळा नाशिकला १९३७ साली सुरू झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करत होते. राजकीय मते परस्परविरोधी असली तरी शरीर कमवा, मन आवरा, रांगेत उभे राहा, हा सूर सगळीकडे एकच. राज्य नसलेल्या देशाने सैन्याची हौस अशी भागवली, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

या सुरातली गंमत सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकी ओळखली प्रल्हाद केशव अत्रे यांनी. १९३३ सालच्या 'साष्टांग नमस्कार' नाटकात त्यांनी नमस्कारांच्या वेडाची आणि त्या जोडीने इतर अनेक वेडांची भंबेरी उडवली होती. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली कोल्हापुरात काढलेल्या हंस पिक्चर्ससाठी अत्र्यांनी 'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर' लिहिले आणि १९३८ साली 'ब्रह्मचारी'. दिग्दर्शक आणि नायक विनायक, नायिका मीनाक्षी, संगीत दादा चांदेकर यांचे. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. त्याला प्रचंड यश मिळाले.

कथा दोन ओळींत सांगण्याजोगी आहे. औदुंबर नावाचा साधा तरुण ब्रह्मचर्याच्या महतीवरचे एक व्याख्यान ऐकतो, पेटतो, जमवलेली नट्यांची चित्रे घरातून काढून टाकतो आणि आचार्य चंडीराम यांच्या स्वावलंबनाच्या संस्थेत दाखल होतो. तिथे किशोरी येते आणि प्रतिज्ञा डळमळू लागते. लष्करी विनोदपटाचा सांगाडा इथे जवळपास सगळा आहे. भरती आहे, पण तिला सक्ती नाही; नवशिक्याच्या उत्साहानेच ती होते. सार्जंटच्या जागी आचार्य आहेत. शत्रूच्या जागी एक मुलगी आहे. आणि प्रत्येक हुकूम शब्दशः पाळण्याचा तोच आटापिटा आहे, फक्त इथे हुकूम देणारा आणि पाळणारा बहुतेक वेळा एकाच माणसाच्या डोक्यात राहतात. हा शेवटचा भाग अत्र्यांची खास देणगी. लॉरेलला पाऊल चुकल्याचे कळतच नाही. औदुंबरला ते पुरते कळत असते, म्हणून तो लाजतो, चिडतो आणि स्वतःचीच समजूत घालत राहतो.

समीक्षकांनी 'ब्रह्मचारी'कडे संघासारख्या संघटनांवरचे प्रहसन म्हणून पाहिले आहे, आणि त्या काळातल्या गणवेशधारी शिस्तीच्या वातावरणात तसे वाचन साहजिक आहे. पण एवढ्यावर थांबले तर चित्रपट छोटा होतो. अत्र्यांचा रोख एखाद्या संस्थेपेक्षा मोठा होता : व्याख्यान ऐकून एका रात्रीत माणूस बदलतो, ही श्रद्धा त्यांच्या निशाण्यावर होती. ती श्रद्धा डाव्या-उजव्या सगळ्या गोटांत होती आणि आजही आहे. पहाटे पाचला उठण्याच्या, साखर सोडण्याच्या, फोन दूर ठेवण्याच्या प्रतिज्ञांच्या रूपाने ती नव्या पिढीतही फोफावली आहे. चित्रे फेकून देणारा औदुंबर म्हणूनच आज ओळखीचा वाटतो. नट्यांच्या चित्रांच्या जागी काय घालायचे, हे प्रेक्षक आपसूक ठरवतो.

चित्रपटाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले ते एका गाण्यामुळे. 'यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया' हे गाणे मीनाक्षी यांच्यावर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात चित्रित झाले आणि १९३८ सालच्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. मीनाक्षी शिरोडकर या आकाशवाणीवरून पडद्यावर आलेल्या, विवाहित, मध्यमवर्गीय घरातल्या. धक्क्याचा मोठा भाग त्यामुळे होता. आज त्या पोशाखात धक्का देण्यासारखे काही उरलेले नाही, आणि गाणे निराळे काढून पाहिले तर ते सौम्य, काहीसे लांबलेले वाटते. कथेच्या ओघात पाहिले तर त्यात दुसरीच एक गोष्ट दिसते. पुढाकार सर्वस्वी किशोरीचा आहे. मोहात पाडणारी स्त्री आणि तपोभंग पावणारा ऋषी ही जुनी पुराणकथा अत्रे आणि विनायक यांनी उलटी फिरवली : इथे तपस्वी हास्यास्पद आहे आणि मोहिनी शहाणी. त्या काळच्या हॉलिवूडच्या लष्करी विनोदपटांतल्या नायिका बहुधा वाट पाहत बसलेल्या असतात. या एका बाबतीत 'ब्रह्मचारी' त्यांच्यापुढे आहे. तरीही किशोरीला नायकाची कसोटी होण्यापलीकडे स्वतःचे काही आयुष्य दिलेले नाही, ही उणीव आजच्या प्रेक्षकाला खटकणार आणि ती खटकलीच पाहिजे.

तंत्राच्या बाजूने चित्रपट त्याच्या वयाचा दिसतो. कॅमेरा बराच वेळ एका जागी खिळलेला, नट रंगभूमीच्या सवयीने प्रेक्षकासमोर तोंड करून बोलणारे, दोन वाक्यांमध्ये हशाला सोडलेली जागा. ही जागा भरलेल्या चित्रपटगृहासाठी होती. एकट्याने, छोट्या पडद्यावर पाहताना ती पोकळी वाटते आणि चित्रपट संथ असल्याचा समज होतो. पाच-पन्नास माणसांत बसून पाहिले तर तीच जागा भरून येते. जुन्या विनोदपटाबद्दल निकाल देताना हा फरक सहसा विसरला जातो.

मित्रांच्या जोडीचा प्रश्न उरतो, कारण 'ब्रह्मचारी' हा एका नायकाचा चित्रपट आहे. जोडी मराठीत आली ती दोन वर्षांनी, आणि तीही पुस्तकातून. बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही दोन माणसे घडवली होती : एक किडकिडीत, भित्रा, शब्दांत पटाईत, दुसरा धिप्पाड, सोटा हाती घेऊन फिरणारा, आधी कृती आणि मग विचार करणारा. १९४० साली विनायकांनी 'लग्न पहावे करून' काढला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दोघेही 'ब्रह्मचारी'त होते. मालवणकरांना अत्र्यांच्याच 'ब्रँडीची बाटली'ने आधीच लोकप्रिय केले होते. दारूचा थेंबही न चाखलेला सरळमार्गी कारकून ब्रँडी शोधत फिरतो, ही त्याची कल्पना, आणि मुंबईत दारूबंदी आली त्याच १९३९ सालातला तो चित्रपट.

चिमणराव-गुंड्याभाऊ ही लॉरेल-हार्डींची मराठी नक्कल नव्हे. लॉरेल आणि हार्डी यांना घर, जात, गाव काहीच नसते. त्यामुळे ते पलटणीत, तुरुंगात, बोटीवर कुठेही टाकता येतात. चिमणराव मात्र पुणेरी मध्यमवर्गात नखशिखान्त बुडालेला आहे. त्याला बायको आहे, बहिणी आहेत, सासुरवाडी आहे. त्याला कवायतीच्या मैदानावर उभा केला तर त्याचे अर्धे बळ जाईल, कारण ते भाषेत आहे : घाबरलेल्या माणसाची व्याकरणशुद्ध, आडवळणी, स्वतःला मोठेपणा देणारी मराठी. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोलीच्या कानांना ही मराठी तेव्हाही परकी होती. तिला हसताना चिमणरावच्या फजितीइतकेच त्या बोलण्याच्या तोऱ्यालाही हसता येत होते, आणि हा दुहेरी लाभ पुण्याच्या प्रेक्षकाला मिळत नव्हता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा उभी केली आणि ती तितकीच चालली. विनोद संवादात असेल तर नट बदलले तरी तो तगतो; लॉरेल-हार्डींची नक्कल कितीही केली तरी दुसरे लॉरेल-हार्डी झाले नाहीत.

युद्धाने पुढची वाट अडवली. १९४२ पासून कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली आणि युद्धप्रयत्नाला हातभार लावणाऱ्या चित्रपटांसाठी सरकारी दट्ट्या सुरू झाला. विनायकांच्या पडद्यावर सैनिक अखेर आला तो १९४५ सालच्या 'बडी माँ'त, प्रचाराच्या आणि अश्रूंच्या वाटेने. १९४७ साली विनायक गेले, अवघ्या एक्केचाळीसाव्या वर्षी. स्वतःच्या सैन्याला प्रेमाने हसण्याची सोय स्वातंत्र्यानंतर झाली असती, पण तोवर ज्याला ती साधली असती तो माणूस उरला नव्हता. गणवेशातल्या दोन मित्रांची मराठी जोडी पुढे जमली ती पोलिसांच्या वेषात, १९७५ सालच्या 'पांडू हवालदार'मध्ये : दादा कोंडके आणि अशोक सराफ.

विनोद टिकतो की नाही, या प्रश्नाला रायगडच्या किनाऱ्यावर एक कायदेशीर उदाहरणही आहे. भाबड्या, सहज फसणाऱ्या माणसाला 'अलिबागहून आला काय' असे विचारण्याची मुंबईत जुनी रीत आहे. या वाक्याने अलिबागकरांचा अपमान होतो, म्हणून त्यावर बंदी घालावी, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली. प्रत्येक समाजावर असे विनोद असतात, अपमान मानून घेऊ नये, अशा आशयाने न्यायालयाने ती २०१९ साली फेटाळली. लष्करी विनोदपटाचा नायक म्हणजे नेमका हाच 'अलिबागहून आलेला' माणूस. ही थट्टा कोण करतो आणि कोणाच्या बाजूने करतो, यावर तिचे आयुष्य ठरते. मुंबईकर अलिबागकराला हसतो तेव्हा ती वरून खाली येते आणि लवकर आंबते. 'पॅक अप युवर ट्रबल्स'मध्ये भाबडेपणा जनरलच्या जेवणघरात कचरा ओततो, 'ब्रह्मचारी'त तो आचार्यांच्या उपदेशाचे वस्त्र फेडतो. तिथे ती खालून वर जाते. दोन्ही चित्रपट ज्या ठिकाणी ही दिशा सोडतात तिथेच ते आज थकलेले दिसतात : पहिला अनाथ मुलीच्या करुणरसात, दुसरा प्रेमाच्या गोडगोड शेवटाकडे वळताना.

हे चित्रपट पाहायला मिळतात हेही थोडे नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर बोलपटाच्या पहिल्या दशकातली पुष्कळ फिल्म नष्ट झाली होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा आणखी मोठा साठा गेला. जे वाचले त्यात 'ब्रह्मचारी' आहे. व्हीलर-वूल्सींच्या लष्करी धमालीपेक्षा तो आज निःसंशय अधिक जिवंत आहे, लॉरेल-हार्डींच्या उत्तम प्रसंगांपेक्षा कमी चपळ, आणि उपहासाच्या धारेत त्या दोन्ही जोड्यांपेक्षाही तिखट. वाचकाने तो गाण्याच्या तुकड्यावरून जोखू नये. पूर्ण पाहावा, आणि शक्य असेल तर चार माणसे जमवून पाहावा.